मिशी काढून ये

त्यांनी मला मिशी काढून यायला सांगितलं तेव्हा माझा बाप धडधाकट जिवंत होता. आमच्याकडे मिशी कधी काढतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यामुळे मी सफाचट होऊन गावात शिरलो तेव्हा वेशीपासून घरापर्यंत तिघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकानं तर "लई चांगला मानूस होता" म्हणून डोळेही पुसले. चांगला माणूस ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दोरी खाली ठेवली आणि म्हणाला, "मी जित्ता हाय आन तू मिशी काढलीस?"

मी म्हटलं, "उस्तादांची अट हाय."

"मिशीत काय रुपये अडकत्यात का त्याचे?"

हेच मी उस्तादांना विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, "मिशीत आवाज अडकतो." बापाला हे सांगितलं असतं तर त्यानं वळलेली दोरी माझ्यावरच वापरली असती.

उस्ताद म्हणजे कड्याच्या बाजारातले पारखी. त्यांचं नाव, जात मला शेवटपर्यंत कुणी नीट सांगितली नाही. कुणी सोनार म्हणे, कुणी कासार. बीडला एका म्हाताऱ्या मुसलमान पारख्याच्या हाताखाली ते शिकले, म्हणून त्यांना उस्ताद म्हणण्याची पद्धत पडली. निजामाच्या मुलखात तेव्हा दोन रुपये चालत. एक आपला हाली, निजाम सरकारचा. दुसरा इंग्रजांचा कलदार, म्हणजे राणीछाप नाहीतर राजाछाप. कडा पडलं हद्दीवरचं गाव. नगरकडचे लोक कलदार घेऊन यायचे, आमचे लोक हाली घेऊन जायचे. दोघांचा भाव वेगळा आणि तोही रोज हलणारा. त्यात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट. म्हणून बैलाचा सौदा झाला की घेणारा आणि देणारा दोघं उस्तादांच्या जाजमावर येत. उस्ताद एकेक रुपया अंगठ्याच्या नखावर घेऊन टिचकी मारत आणि काळ्या दगडाच्या लादीवर पडू देत. खरा असेल तर उजवीकडे, खोटा असेल तर डावीकडे. त्यांनी उजवीकडे टाकलेला रुपया पुढे कधी खोटा निघाला तर ते पदरचा बदलून देत. या शब्दावर त्यांची भाकरी चालायची. मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. तो शब्द आणि ती लादी, एवढीच इस्टेट.

मी मराठी चार यत्ता शिकलो होतो, पण कचेरीत सगळा कारभार उर्दूत, तिथं माझी डाळ शिजेना. शेतात तीन भाऊ होतेच. तेव्हा नाण्यांच्या धंद्यात शिरावं असं मी ठरवलं. बापानं एक वर्षाची मुदत दिली. पाडव्यापर्यंत धंदा हाताला लागला तर बरं, नाहीतर पाडव्याला सालगडी लागतात तसं त्याच्याच शेतात सालानं राहायचं, बायकोसकट. माझ्या बायकोला भावजयांच्या हाताखाली राहायचं नव्हतं हे मला चांगलं माहीत होतं.

मला ठेवून घेतलं तो प्रकारही विचित्र होता. आम्ही चौघं उमेदवार होतो. उस्तादांनी एकेकाला समोर उन्हात बसवलं आणि काही न विचारता दहा-बारा रुपये लादीवर वाजवले. मध्ये मध्ये बद्द आवाजाचे खोटे होते. मी वाट पाहत होतो की आता विचारतील, कुठला खोटा. त्यांनी विचारलंच नाही. नाण्याकडेही बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "उद्या मिशी काढून ये." बाकीच्या तिघांना गूळपाणी देऊन वाटेला लावलं. माझा कान त्यांनी नुसत्या नजरेनं ओळखला, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. आज आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

जाजमावरचे नियम असे. मी त्यांच्या अगदी समोर बसायचं. सूर्य जसा फिरेल तसं जाजम फिरवायचं, पण ऊन माझ्याच तोंडावर पाहिजे, सावली त्यांच्याकडे. रुमाल कपाळावर ओढायचा नाही. तंबाखू, पान, सुपारी काही तोंडात ठेवायचं नाही. शागिर्दानं पारख चालू असताना एक शब्द बोलायचा नाही. ऊन कावून, असं एकदा मी हातवारे करून विचारलं, तर म्हणाले, "उन्हात कान उघडत्यात." आभाळ आलं की ते पारख बंद करत. बैल विकणारे हेडी शिव्या घालायचे, पण उस्ताद लादी फडक्यात गुंडाळून मोकळे.

बाजाराचा दिवस सोडून इतर दिवशी त्यांच्या कानात कापसाचे बोळे. लग्नाला जायचे नाहीत, वाजंत्र्यानं कान नासतो म्हणत. रस्त्यात कुणी रामराम केला तरी सरळ पुढे जात. लोक म्हणत, गर्व झालाय. कुणी भाव विचारावा तर ते पावसाचं सांगत. लोक हसत, म्हणत, इतकी नाणी ऐकली की माणसाचं काय ऐकणार. बोलायचे फार मोठ्यानं, शेजारच्या बोळातून कळावं इतकं. आणि सारखं एकच वाक्य ऐकवायचे, "डोळा फसतो, हात फसतो. कान फसत न्हाई."

आमच्या पारखेत एक गंमत होती. रुपया लादीवर पडायचा, मला मनात कळायचं की हा खोटा, आणि त्याच क्षणी उस्तादांचा हात डावीकडे जायचा. एकदाही आमचं दोघांचं वेगळं पडलं नाही. मला वाटे, किती झपाट्यानं शिकतोय मी. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाला काय शिकायचं राहिलंय? तुमच्या मनातलं तर चुलीम्होरं बसून मला दिसतंय. कालवण खारट झालं की तुमी न बोलता सांगता." मला राग आला. माझ्या तोंडावर सगळं उमटतं हा आमच्या घरातला जुनाच चेष्टेचा विषय होता. लहानपणी चोरून गूळ खाल्ला तरी आई नुसतं तोंड बघून पाठीत धपाटा घालायची.

तर पाडवा पंधरा दिवसांवर आला होता आणि माझी उजवीकडची दाढ ठणकायला लागली.

बाजाराच्या दिवशी खाडा म्हणजे उस्तादांकडे कायमची सुट्टी. मी दाढेत लवंग धरून गेलो आणि रोजच्यासारखा उन्हात बसलो. दुपारपर्यंत रेटलं. मग एक तेलीणबाई आली. पन्नाशीची, उंच, हातावर घाण्याच्या कामाचे घट्टे. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. घाण्याचा बैल मेला म्हणून दुसरा घ्यायला आली होती. सौदा चाळीस कलदारांवर ठरला होता. तिच्या मागे हेडी, हेड्याच्या मागे बैल, आणि बाजूला चौकीचा जवान शेंगा खात उभा. तिनं फडकं सोडलं. सगळे राणीछाप, तेलकट, काळपट.

"तेलाच्या गाडग्यात ठिवलते," ती म्हणाली. "त्यांच्या हातचे हायेत. मोजायची गरज न्हाई, पर मोजा."

बारा रुपये खणखणीत गेले. तेरावा लादीवर पडला आणि नेमकी दाढेतून कळ उठली, थेट कानशिलापर्यंत. उस्तादांचा हात डावीकडे गेला.

मी गारच झालो. मला तर तो रुपया स्वच्छ ऐकू आला होता. पहिल्यांदाच आमचं वेगळं पडलं. मला वाटलं, झालं, काहीतरी बारीक खोट आहे जी मला ऐकूच आली नाही. वर्ष फुकट गेलं. बायको भावजयांची भांडी घासताना दिसायला लागली. या विचारात असताना चौदावा पडला. तोही स्वच्छ. आणि उस्तादांनी तोही डावीकडे टाकला. मग माझी भीती वाढली, भीतीबरोबर दाढ वाढली. पंधरावा कसाबसा उजवीकडे गेला, पण सोळावा पुन्हा डावीकडे.

एकाच हातातून तीन खोटे निघाले की चौकीला सांगायचं, असा दंडक होता. सांगायला जायची गरजच नव्हती. जवानानं शेंगांची टरफलं झटकली.

"चलो बाई. आष्टी के थाने. अमीनसाब पूछेंगे कहाँ से लाए."

"काय पुसायचं?" तेलीणबाई म्हणाली. "माझ्या घरातले हायेत."

"सब ऐसाच बोलते."

हेडी बैलाचा कासरा आवळून मागे सरकला. माणसं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, तेलात ठेवले म्हणजे रंग लपवायलाच ठेवले असतील. बाई आधी संतापली, मग तिचा आवाज खाली गेला. घरी घाणा बंद होता, तीळ आणून टाकलेल्या लोकांना तेल द्यायचं होतं, आणि खोटी नाणी पाडण्याच्या आळापायी आष्टीला गेलेला माणूस कधी परत येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. उरलेले रुपये ती पदरात बांधायला लागली तर जवानानं तेही राहू दे म्हणून खूण केली. उस्ताद खाली मान घालून तीन रुपये फडक्यात बांधत होते.

बाईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी ऐकलंस नव्हं रं बाबा?"

आता खरं सांगतो, मी गप्प बसण्याचा विचार केला. शागिर्दानं बोलायचं नाही हा नियम होता, तो कामाला आला असता. माझा कान चुकला असंही मी स्वतःला पटवत होतो. पण ते तिन्ही रुपये माझ्या डोक्यात अजून वाजत होते, आणि वाजत होते ते खरेच.

"उस्ताद," मी म्हटलं, "खरे हायेत."

ते गाठ मारत राहिले.

"उस्ताद, तिन्ही खरे हायेत," मी ओरडलो.

तरी नाही. भोवतालच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या तेव्हा कुठं त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग पुढे वाकले आणि माझ्या कानाशी कुजबुजले. म्हणजे त्यांना वाटलं आपण कुजबुजतोय. साऱ्या बाजारानं ऐकलं.

"मग तोंड कावून वाकडं केलंस?"

"दाढ दुखतीय," मी म्हटलं.

"काय?"

मी गालावर हात ठेवून दाखवला. "दाढ."

 उस्तादांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी एक फुटावरून बघितला. मग मला वर्षभरातलं एकेक कळत गेलं. ऊन, मिशी, तंबाखू, कापसाचे बोळे. त्यांना माझा कान ओळखता आला नव्हता. त्यांना कानच नव्हते. लादीवर रुपया पडला की ते माझं तोंड वाचत होते.

बाजारात सगळ्यात आधी हेड्याला कळलं. "म्हंजे पारखी बहिरा हाय व्हय बे?" तो शेजाऱ्याला म्हणाला.

उस्तादांनी मला विचारलं, "काय म्हणतोय त्यो?"

मी म्हणणार होतो, काही नाही. तोंडही उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "बरं."

मग ते काम करतात तसं शांतपणे करायला लागले. फडक्यातले तीन रुपये बाहेर काढले. पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. रुपया तोडणं ही पारखेतली शेवटची पायरी, कारण त्यात रुपया मरतो. लादीवर ठेवून त्यांनी तिन्ही रुपये मधोमध तोडले आणि तुकडे जवानाच्या हातावर ठेवले. आतून पांढरी चांदी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जवानानं ते उलटेसुलटे करून बघितले, शेजारच्या सोनाराला दाखवले, आणि परत दिले. उस्तादांनी स्वतःच्या कमरेला बांधलेल्या थैलीतून तीन राणीछाप काढून बाईच्या पुढ्यात ठेवले आणि हात जोडले.

"बाई, चूक माझी."

"चूक कानाची," तेलीणबाई म्हणाली. "पर बायामानसाला आष्टीला धाडाया निगालतात, ही तुमची." मग ती माझ्याकडे वळली. "आता उरलेले तू वाजव. बैल उन्हात हाय."

चोवीस रुपये मी वाजवले. दाढ ठणकत होती, आणि उस्ताद समोर सावलीत बसून जमिनीकडे बघत होते. धंद्यातली माझी पहिली पारख ती. हेड्यानं तरी प्रत्येक रुपया पुन्हा स्वतःच्या दातानं चावून घेतला.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर नदीकडे चालत जाताना मी भांडलो. बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे सगळ्या गावाला ऐकवायचं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला फसवलं याचा राग होताच, त्याहून मोठा राग माझ्या कानाला कुणी विचारलं नाही याचा होता. मी समोर उभा राहून एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मला ठेवलंत कावून?"

"कान बाजारात लई मिळत्यात," ते म्हणाले. "असं तोंड मिळत न्हाई."

मग सांगितलं. सात वर्षांपूर्वी तापात कान गेले. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी जाजम उठलं असतं. आधी एक शागीर्द होता, त्याचंही तोंड असंच उघडं. पण पाच-सहा वर्षं हेड्यांमध्ये बसून तो शिकला. मनात एक, तोंडावर एक. तेव्हा त्याला सोडावं लागलं. "तूबी धंदा शिकशील तसं तुझं तोंड शिकंल," ते म्हणाले. "तेवढं शिकू देऊ नको."

त्यांनी दवंडी पिटवली की आपण खरा म्हटलेला रुपया कुणाकडे खोटा निघाला असेल तर पुढच्या बाजारी आणावा. पुढच्या बाजारी ते कमरेची सगळी पुंजी समोर ठेवून सकाळपासून बसले. मी लादीशी, ते समोर, ऊन त्यांच्या तोंडावर. मला वाटलं होतं झुंबड उडेल आणि म्हातारा दिवस मावळायच्या आत भिकारी होईल. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग दोघं आले. एकाचा रुपया खोटा होता, कधी कुणी पारखलेला देव जाणे. त्यांनी बदलून दिला. दुसऱ्याचा तर निव्वळ कथलाचा होता, आंधळ्यानंही घेतला नसता. मी ओरडून म्हटलं, "हा तुमचा न्हाई. हा फसवतोय तुमाला."

माझं तोंड बघून त्यांना कळलंच होतं. "सात वर्सं मी फसवलं," ते म्हणाले. "एक दिस कुनी मलाबी फसवू दे." आणि रुपया दिला. तो माणूस पुढे कित्येक वर्षं माझ्या समोरून मान खाली घालून जायचा.

पाडव्याला त्यांनी लादी माझ्या हवाली केली. "आता मिशी ठेव," म्हणाले. मी घरी लादी घेऊन गेलो. बायकोनं तिला हळदकुंकू लावलं. बापानं लादी उचलून वजन बघितलं, माझ्या ओठावरचे खुंट बघितले आणि म्हणाला, "म्हंजे मी पुन्यांदा जित्ता झालो म्हनायचं."

त्यानंतर आठ वर्षं उस्ताद प्रत्येक बाजारी माझ्या समोर येऊन बसत. काम काही नाही. फक्त माझ्याकडे बघत. भाव सांगताना मी कधी एखाद्या अडाण्याला थोडं कमी सांगितलं की त्यांची भुवई वर जायची, आणि मी भाव दुरुस्त करायचो. पण त्यांनी बजावलेलं मला पुरतं जमलं नाही. एकदा बायको जेवताना म्हणाली, "कालवण कसं झालंय ते आता तुमच्या तोंडावरून कळंना." ती चेष्टा करत नव्हती. दुसऱ्या बाजारी उस्तादांनीही बराच वेळ पाहिलं आणि नजर बैलांकडे वळवली. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

ते गेले तेव्हा सरणाला हात लावायला रक्ताचं कुणी नव्हतं. अग्नी मी दिला. न्हाव्याला मीच बोलावलं आणि नदीवर बसून मिशी काढली. न्हावी घुटमळला, "मालक, तुमचे वडील तर..." मी म्हटलं, "काढ."

गावात शिरलो तेव्हा बाप ओट्यावर बसला होता, आता पार वाकलेला. माझ्या ओठाकडे त्यानं पाहिलं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो.

"पारखी गेला व्हय रं?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

"थांब तिथंच," तो म्हणाला. भिंतीला धरून उठला, आत गेला, आणि सुनेच्या हातातली घागर काढून घेऊन माझ्या पायांवर स्वतः पाणी घातलं.